दूध माणसाचं, शहाणपण कळपाचं

हत्तीण बावीस महिने पिल्लू पोटात वाढवते. जन्मताना ते शंभर किलोच्या आसपास भरतं आणि तासा-दोन तासांत उभं राहतं. वजनावर जाऊ नये. हे बाळ अगदी परावलंबी असतं. पहिली दोन वर्षं त्याला दुधाशिवाय जगता येत नाही. त्यानंतरही ते गवत-पाला खात खात आणखी दोन-तीन वर्षं आईला पीत राहतं. दोन वर्षांच्या आत आई गेली, तर बहुतेकदा पिल्लूही जातं. कळपात दुसरी दुभती हत्तीण असली, तरी तिचं दूध तिच्या स्वतःच्या पिल्लालाच जेमतेम पुरतं.

आई जाण्याची कारणं बरीच आहेत. सुळ्यांसाठी शिकार हे त्यातलं सर्वांत कुप्रसिद्ध. दुष्काळात दूध आटतं, अशक्त पिल्लू चालत्या कळपाच्या मागे पडतं. गुरांसाठी खणलेल्या विहिरीत ते घसरतं आणि काढता न आल्याने कळप पहाटे निघून जातो. कधी शेतात शिरलेल्या हत्तिणीला विषारी बाण लागतो, कधी तारेच्या फासात पाय अडकतो. केनियामध्ये अशी पिल्लं सापडली की देशाचं वन्यजीव खातं आणि शेल्ड्रिक वाइल्डलाइफ ट्रस्ट ही संस्था मिळून ती उचलतात. त्यातली बरीचशी विमानाने नैरोबीला येतात. नैरोबी नॅशनल पार्कच्या कडेला, राजधानीच्या अगदी शेजारी, या संस्थेची नर्सरी आहे. आजवर तीनशेहून अधिक अनाथ हत्ती या संस्थेने वाढवले आहेत. त्यांचा दिवस कसा जातो, ते आधी पाहू.

दर तीन तासांनी

घड्याळाचा काटा इथे दुधावर चालतो. दिवसा आणि रात्रीही, दर तीन तासांनी बाटली. तान्ह्या बाळाच्या आईला हे वेळापत्रक ओळखीचं वाटेल. फरक इतकाच की हे बाळ दोन-तीन माणसांना सहज ढकलून देऊ शकतं. हिरवे कोट घातलेले कीपर पिल्लांच्या खोलीतच झोपतात. खोलीत जमिनीवर गवताचा बिछाना पिल्लासाठी आणि जरा उंचावर फळीची खाट माणसासाठी. दुधाची वेळ झाली आणि कीपर जागा झाला नाही, तर पिल्लू सोंड वर करून त्याच्या अंगावरचं पांघरूण ओढतं. अंधारात सोंडेचं टोक त्याच्या चेहऱ्यावरून फिरतं. जंगलातही पिल्लू रात्री आईच्या अंगाला अंग लावून असतं, म्हणून त्याला एकटं झोपवत नाहीत. ज्या पिल्लाने आईला मरताना पाहिलं आहे, ते सुरुवातीला रात्री दचकून उठतं, किंचाळतं. त्या वेळी हाताशी कोणीतरी लागतं.

पाजण्याचीही एक रीत आहे. हत्तिणीची आचळं पुढच्या दोन पायांच्या मधे असतात. पिल्लू सोंड वर उचलून, आईच्या पोटाला टेकवून तोंडाने पितं. नुसती बाटली पुढे केली तर नव्या पिल्लाला काही उमगत नाही, कारण सोंड टेकवायला काही नसतं. म्हणून कीपर एक जाड ब्लँकेट उभं टांगतात आणि त्याच्या आडून बाटली देतात. पिल्लू त्या खरखरीत कापडावर सोंड घासतं, चाचपतं, आणि मग चोखायला लागतं. मोठी पिल्लं मात्र बाटली दिसताच धावत सुटतात, काही तर ती सोंडेत धरून स्वतःच पितात.

सकाळी सहाच्या सुमारास खोल्यांची दारं उघडतात. पिल्लं बाहेर येऊन आधी एकमेकांना हुंगतात, सोंडा एकमेकांच्या तोंडात घालतात. हा त्यांचा रोजचा रामराम. मग कीपरबरोबर पार्कच्या झाडीत. नैरोबी समुद्रसपाटीपासून सुमारे सतराशे मीटर उंचावर आहे, पहाट गार असते. लहानग्यांच्या पाठीवर ब्लँकेट बांधलेलं असतं, कारण न्यूमोनिया हा इथला मोठा वैरी. ऊन चढलं की संकट उलटं होतं. जंगलात पिल्लू आईच्या सावलीत चालतं. इथे ती सावली नाही, म्हणून अगदी लहान पिल्लांच्या कानांवर उन्हाचं क्रीम चोळतात. कानाची कातडी पातळ असते, पटकन भाजते.

दिवसभराचं काम म्हणजे हिंडणं. कोणती साल सोलायची, काटेरी फांदी कशी मोडायची, माती खणून तिच्यातले क्षार कसे चाटायचे, हे सगळं थोड्या मोठ्या पिल्लांकडे बघून लहान शिकतात. सोंडेचा वापरही शिकावा लागतो. पहिले काही महिने पिल्लाला सोंडेने पाणी ओढता येत नाही. ते गुडघे टेकून तोंडानेच पितं आणि सोंड हे नक्की काय प्रकरण आहे, अशा आविर्भावात ती इकडेतिकडे झटकत राहतं. पिल्लं मोठ्या हत्तींची ताजी लीदही खातात. पाहणाऱ्याला किळस येते, पण गवत पचवणारे जिवाणू पोटात जायचे तर हा हत्तींचा पिढ्यान्‌पिढ्यांचा मार्ग आहे.

अकरा ते बारा हा एक तास लोकांना पाहायला खुला. पिल्लं ओळीने येतात, दूध पितात, चिखलाच्या डबक्यात लोळतात. लोक दोरीच्या पलीकडे उभे असतात. बारा वाजता पिल्लं पुन्हा झाडीत जातात. बाकीच्या तेवीस तासांत पाहुण्यांना नर्सरीत जवळजवळ वाव नाही. चिखलात लोळणं हा निव्वळ खेळ नव्हे. चिखलाच्या थराने ऊन लागत नाही, किडे चावत नाहीत, आणि शिवाय एकमेकांच्या अंगावर चढून ताकद आजमावता येते. संध्याकाळी पाच-सहाच्या सुमारास पिल्लं परततात आणि प्रत्येक पिल्लू सहसा आपापल्या खोलीत स्वतःहून शिरतं, कारण तिथे बाटली तयार असते.

पंचवीस वर्षांचं दूध

आज सोपा वाटणारा हा दिनक्रम उभा राहायला एका बाईचं जवळजवळ अर्धं आयुष्य गेलं. डॅफ्नी शेल्ड्रिक यांचा जन्म १९३४चा, केनियातलाच. त्यांचे पती डेव्हिड शेल्ड्रिक हे १९४८ मध्ये स्थापन झालेल्या त्सावो ईस्ट नॅशनल पार्कचे पहिले वॉर्डन. अनाथ प्राणी वॉर्डनच्या घरी येत. गेंडे, म्हशी, झेब्रे, हरणं वाचत. थोडे मोठे, पाला खाऊ लागलेले हत्तीही वाचत. दूधपिती पिल्लं मात्र एकामागून एक दगावत.

दोष दुधाचा होता. गाईच्या दुधातली चरबी हत्तीच्या पिल्लाला पचत नाही; जुलाब लागतात आणि काही दिवसांत सगळं संपतं. डॅफ्नी यांनी पंचवीस वर्षांहून जास्त काळ निरनिराळी मिश्रणं करून पाहिली. अखेर माणसाच्या बाळांसाठीच्या एका दूधभुकटीवर पिल्लू तगलं. त्या भुकटीत खोबरेल होतं. हत्तिणीच्या दुधातल्या चरबीच्या सर्वांत जवळ जाणारी चरबी नारळात निघाली.

या भुकटीवर वाढलेलं पिल्लू म्हणजे आयेशा. १९७०च्या दशकातली गोष्ट. आयेशा सहा महिन्यांची झाली, अंग धरू लागली. डॅफ्नीच तिची आई होत्या. पाजणं, हिंडवणं, निजवणं, सगळं त्यांच्याच हातून. मग मुलीच्या लग्नासाठी डॅफ्नींना काही दिवस बाहेर जावं लागलं. आयेशाने दूध सोडलं. त्या परतेपर्यंत ती इतकी खंगली होती की वाचू शकली नाही.

दुधाचं कोडं सुटलं होतं, पण त्याच क्षणी दुसरं कोडं पुढे आलं. हत्तीच्या पिल्लाला आई गमावल्याचं दुःख एकदा सोसवतं, दोनदा नाही. डेव्हिड १९७७ मध्ये गेले. त्यांच्या स्मरणार्थ डॅफ्नींनी त्याच वर्षी संस्था काढली आणि नैरोबीत आयेशाच्या मृत्यूतून मिळालेला धडा नियम म्हणून लावला: एका पिल्लाचा एकच माणूस असायचा नाही. कीपर रोज बदलतात. आज रात्री जो या पिल्लाच्या खोलीत झोपला, तो उद्या दुसऱ्याच्या. पिल्लाला माया सगळ्यांकडून मिळते, पण जीव कुणा एकात अडकत नाही. कीपर रजेवर गेला, आजारी पडला, नोकरी सोडून गेला, तरी पिल्लाचं दूध सुटत नाही.

एवढी वर्षं ज्यांच्या सहवासात काढली, त्या हत्तींबद्दलही डॅफ्नींचा अंदाज एकदा चुकला. १९९४ मध्ये त्सावोत त्या एका हत्तिणीजवळ गेल्या. ती आपण वाढवलेली एलिनॉर आहे असा त्यांचा समज होता. ती एलिनॉर नव्हती, रानातली अनोळखी हत्तीण होती. तिने सोंडेने डॅफ्नींना उचलून खडकांवर भिरकावलं. पाय मोडला, अनेक शस्त्रक्रिया झाल्या. त्यांनी हत्तिणीला दोष दिला नाही. रानातली हत्तीण अनोळखी माणसाशी जशी वागायला हवी, तशीच ती वागली होती. डॅफ्नी २०१८ मध्ये वारल्या. संस्था आता त्यांची मुलगी अँजेला शेल्ड्रिक चालवते.

कळप नसलेल्यांचा कळप

दूध आणि झोप माणूस देऊ शकतो. हत्तीपण देऊ शकत नाही. कुणाला वाट द्यायची, कुणाशी भिडायचं नाही, मोठी मादी कान फडफडवते त्याचा अर्थ काय, लहान पिल्लू ओरडलं की काय करायचं, हे हत्तींना हत्तीच शिकवतात. म्हणून नर्सरीत पिल्लांना नेहमी एकत्र ठेवतात. शिकाऱ्यांच्या गोळीतून वाचलेलं पिल्लू येतं तेव्हा ते माणूस दिसला की धडक मारतं. त्याला शांत करण्याचं काम कीपरच्या आधी आतली पिल्लं करतात. ती जाळीतून सोंड आत घालतात, नव्याच्या तोंडाला, पाठीला स्पर्श करतात. ही पिल्लं या हिरव्या कोटवाल्यांना घाबरत नाहीत हे बघून नवं पिल्लूही हळूहळू निवळतं. दीड-दोन वर्षांच्या मादीत म्होरकेपण दिसू लागतं. ती तान्ह्याच्या मागे राहते, ते पडलं तर धावते. तिला स्वतःला अजून बाटली लागत असते.

हे शिक्षण चुकलं तर काय होतं, ते दक्षिण आफ्रिकेतल्या पिलानेसबर्ग अभयारण्यात दिसलं. क्रूगर नॅशनल पार्कमध्ये संख्या कमी करण्यासाठी हत्ती मारले जात. त्यातून वाचलेली लहान पिल्लं मोठ्या हत्तींशिवाय पिलानेसबर्गमध्ये सोडली गेली. ती वाढली. १९९०च्या दशकात तिथल्या तरुण नरांना वेळेआधी मद येऊ लागला आणि त्यांनी चाळीसहून जास्त पांढरे गेंडे मारले. १९९८ मध्ये क्रूगरहून सहा प्रौढ नर आणून सोडले. थोरल्यांच्या धाकाने तरुणांचा मद आवरला आणि गेंडे मरणं थांबलं. जिवंत ठेवलेला हत्ती आणि घडवलेला हत्ती यांत किती अंतर असतं, हे यावरून कळतं.

लॉरीतला घास

दोन-तीन वर्षांची झाली की पिल्लांचा नैरोबीतला मुक्काम संपतो. पुढचं घर त्सावो परिसरात असतं. संस्थेची तिथे तीन केंद्रं आहेत: व्होई हे जुनं, त्सावो ईस्टच्या उत्तर भागातलं इथुम्बा २००४ पासून, आणि किब्वेझी जंगलातलं उमानी स्प्रिंग्ज २०१४ पासून. उमानी मुद्दाम अधू पिल्लांसाठी निवडलेलं आहे. तिथे झरे आहेत, दाट सावली आहे, चाऱ्यासाठी फार पायपीट करावी लागत नाही. मुरेरा आणि सोंजे या पायाने अधू असलेल्या दोघी तिथल्या कळपाच्या म्होरक्या झाल्या.

प्रवासाची तयारी आधीपासून चालते. झाडीत रिकामी लॉरी उभी करतात आणि पिल्लांना दूध तिच्या आत देतात. रोज फळीवरून चढायचं, आत बाटली प्यायची, उतरायचं. असं काही आठवडे चाललं की लॉरीची भीती जाते. मग एके दिवशी पहाटेच्या अंधारात दार बंद होतं आणि लॉरी निघते. ओळखीचे कीपर आणि मित्र-मैत्रिणी सोबत असतात. एकट्याला सहसा पाठवत नाहीत.

पोहोचल्यावर पुष्कळदा एक वेगळंच दृश्य दिसतं. पूर्वी इथे वाढून रानात गेलेले हत्ती नव्यांना भेटायला कुंपणाशी येऊन थांबलेले असतात. ते नव्यांना हुंगतात, चिखलात नेतात, पुढे पुढे चारायला घेऊन जातात. इथून पुढचे गुरू हेच.

त्सावोत दिनक्रम तोच राहतो, पण अंतरं वाढतात. सकाळी कुंपणाचं दार उघडतं आणि मुलांचा जथा दूरच्या पाणवठ्यापर्यंत जातो. दूध हळूहळू कमी होत बंद होतं. वाटेत रानटी कळप भेटतात, नर भेटतात, नवी गंधओळख होते. कीपर मागे मागे राहतात. काही पिल्लं संध्याकाळी परतत नाहीत. पहिल्या रात्री बाहेर राहणारं पिल्लू बऱ्याचदा मध्यरात्री किंवा पहाटे दाराशी येऊन उभं राहतं. सिंहाचा आवाज ऐकू आलेला असतो. दार उघडतात, त्याला आत घेतात. काही दिवसांनी ते पुन्हा जातं, या वेळी दोन रात्री. कुणीही ढकलत नाही, कुणीही थांबवत नाही. साधारण आठ-दहा वर्षांच्या वयात बहुतेक जण पूर्णपणे रानातले होतात.

नाती मात्र तुटत नाहीत. जखमी झालेला, फासात अडकलेला हत्ती केंद्राजवळ येऊन थांबतो, कधी सोबत रानातला जखमी सोबतीही घेऊन येतो. व्होईच्या एमिलीने २००८ मध्ये, इथुम्बाच्या मुलिकाने २०११ मध्ये, आणि यात्ताने २०१२ मध्ये रानात पिल्लाला जन्म दिला. यात्ताच्या पिल्लाचं नाव येतू. अशा हत्तिणी पिल्लांना घेऊन कीपरांजवळ येऊन जातात. त्या पिल्लांना माणसाच्या दुधाची कधी गरज पडणार नाही, त्यांच्या भोवती मावशांचा कळप आहे.

किती आणि कशासाठी

एक हत्ती वाढवून सोडायला जवळजवळ दहा वर्षं लागतात. केनियात १९७०च्या दशकात दीड लाखाहून अधिक हत्ती होते. शिकारीने १९८९ पर्यंत ते वीस हजारांच्याही खाली आले. त्या वर्षी केनियाने जप्त हस्तिदंताचा ढीग जाळला आणि आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आली. २०२१च्या गणनेत देशात ३६,२८० हत्ती नोंदले गेले. या वाढीचं श्रेय बाटलीतल्या दुधापेक्षा शिकार थांबण्याला, रानाच्या वाटा मोकळ्या राहण्याला आहे. अनाथ संगोपनाने जात वाचत नाही. त्याने त्या त्या पिल्लाचा जीव वाचतो, आणि ते जगावं हे पटायला आकडा पुरेसा नसतो.

हा मार्ग केवळ एकाच संस्थेचा नाही. सांबुरू भागात २०१६ पासून रेतेती अभयारण्य चालतं; ते स्थानिक लोकांच्याच मालकीचं आहे. कोविडच्या काळात बाहेरून भुकटी मिळेनाशी झाल्यावर तिथे शेळीचं दूध वापरलं गेलं, आणि गावातल्या बायका ते पुरवू लागल्या. श्रीलंकेत उडावलवे इथलं एलिफंट ट्रान्झिट होम १९९५ मध्ये सुरू झालं. तिथे पिल्लांना नळीने दूध पाजतात आणि माणसांचा स्पर्श जाणीवपूर्वक कमी ठेवतात. पाहुणे लांबच्या कट्ट्यावरून पाहतात. साधारण पाचव्या वर्षी पिल्लांचे गट करून त्यांना शेजारच्या नॅशनल पार्कमध्ये सोडतात. पहिला गट १९९८ मध्ये गेला. भारतात काझीरंगाजवळ २००२ पासून वन्यजीव पुनर्वसन केंद्र आहे. आसामचं वन खातं आणि वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया ते चालवतात. ब्रह्मपुत्रेच्या पुरात वाहून आलेली पिल्लं तिथे वाढतात आणि त्यातली अनेक मानसच्या जंगलात सोडली गेली आहेत. या केंद्राचा पहिला प्रयत्न मात्र पिल्लू वाढवण्याचा नसतो, ते आईच्या कळपाशी परत जोडण्याचा असतो. म्हणून अशा पिल्लाला पकडण्यापूर्वी कळपाचा माग काढतात आणि अंगावरचा माणसाचा वास धुऊन, माती लावून त्याला परत करू पाहतात. ज्या पिल्लाची आई जवळपास जिवंत आहे, ते अनाथ नसतं.

भारतात हत्ती पाळण्याची परंपरा मोठी आहे. गडचिरोलीतल्या कमलापूरच्या कॅम्पमध्ये वनविभागाचे हत्ती माहुताच्या आज्ञेने वागतात, दक्षिणेत मंदिरांच्या दारात हत्ती उभे असतात. तिथे हत्तीचं यश माणसाशी जुळवून घेण्यात असतं. अनाथ पिल्लाचं संगोपन याच्या अगदी उलट्या हिशेबाने चालतं: जितकं माणसाशी जुळेल, तितकं परत जाणं अवघड. महाराष्ट्रात सिंधुदुर्ग आणि कोल्हापूरच्या डोंगरात हत्ती २००२ पासून येत आहेत, गडचिरोलीत २०२१ पासून नवे कळप उतरले आहेत. अशा ठिकाणी एकटं पिल्लू दिसलं, तर त्याच्याजवळ जाऊ नका, गर्दी करू नका, दूध-केळी देऊ नका, फोटोसाठी हात लावू नका. वनविभागाला १९२६ या क्रमांकावर कळवा आणि आई परत येईल इतका अवकाश सोडा.

आणि परदेशात किंवा देशात कुठे 'हत्तींचं अनाथालय' पाहायला तिकीट काढाल, तेव्हा काउंटरवर एकच प्रश्न विचारा: इथून आजवर किती हत्ती रानात परत गेले? उत्तर देता आलं नाही, तर तिकीट काढू नका.